बुजणं, बिचकणं आणि धास्ती : मुक्या जनावराची चिंता वाचायला आपण कसे शिकलो

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करत असाल तर एक प्रश्न पाठ करून ठेवा, कारण तो हमखास येतो : "हे तुम्ही मोजणार कसं?" वजन, तापमान, रक्तातली साखर यांचं उत्तर सोपं असतं. पण समजा तुमचा विषय आहे घरातल्या कुत्र्यामांजरांची चिंता. माणसाला प्रश्नावली देता येते, कुत्र्याला देता येत नाही. त्याच्या वतीने मालक उत्तर देतो. मग कागदावर उतरतं ते कुत्र्याचं मन की मालकाचं?

आजच्या लेखात या एका प्रश्नाचा इतिहास पाहू. तो वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. जनावराचं वागणं सगळ्यांनाच दिसतं. चूक होते ती त्याला नाव देताना. एकदा "हट्टी", "मारका", "बदमाश" असं नाव दिलं की पुढे कुणी बघतच नाही. आणि या चुकीची किंमत नेहमी जनावरच मोजतं.

सुरुवात पोहरादेवीहून

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी तुम्हाला माहीत असेल. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो, आणि रामनवमीच्या यात्रेला देशभरातून लोक येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये इथे नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झालं. सेवालाल महाराजांच्या कथांमध्ये गुरं आहेत, तोळाराम नावाचा घोडा आहे. त्यात नवल काही नाही. हा समाज शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य वाहत होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने 1632 मध्ये पाहिलेल्या एका तांड्यात 14,000 बैल असल्याची नोंद केली आहे. घरच चालतं होतं, आणि जनावरं त्या घरातलीच होती.

रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेला मोठा ग्रंथ 1916 मध्ये निघाला. त्यात हटाडिया नावाच्या बैलाचं वर्णन आहे. हा बैल बालाजीला सोडलेला. त्याच्या पाठीवर कधीच ओझं घालायचं नाही. अंगावर लाल रेशमी पट्ट्या, घंटा, पितळी साखळ्या, कवड्यांच्या माळा. तो तांड्याच्या पुढे चालायचा, आणि थकून जिथे बसेल तिथे त्या दिवसाचा मुक्काम पडायचा. माणूस किंवा जनावर आजारी पडलं की याच बैलाच्या पायाशी नवस बोलायचे.

आता इथे घाई करू नका. "आपल्याकडे प्राणी-मानसशास्त्र आधीपासूनच होतं" असं वाक्य लिहिण्याचा मोह होतो. ते लिहू नका. आजची संकल्पना जुन्या काळावर लादणं ही इतिहासलेखनातली नेहमीची चूक आहे. हटाडियामागे भक्ती होती, प्रयोग नव्हता. शिवाय हे वर्णन कुणी लिहून ठेवलंय तेही बघा. या ग्रंथातला बंजारा समाजावरचा मजकूर बऱ्याच अंशी वऱ्हाड पोलिसातल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याच्या टिपणांवर उभा आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा तो काळ. लिहिणारा संशयाच्या नजरेने बघत असेल तर त्याच्या नोंदीत काय येईल आणि काय सुटेल, हा प्रश्न संशोधकाने प्रत्येक साधनाला विचारायचा असतो.

एवढं सगळं मान्य करूनही त्या वर्णनात एक गोष्ट उरते. जनावर बसलं, तर ते का बसलं याचा वाद न घालता माणसं थांबायची. जनावराच्या वागण्याला इथे हट्ट म्हटलं नव्हतं, सूचना मानलं होतं. हे ध्यानात ठेवा. विज्ञानाला तिथे पोचायला बरीच वळणं घ्यावी लागली.

आधी शब्द स्पष्ट करा

कुठल्याही संशोधनात व्याख्या आधी येते. या बाबतीत मराठी आपल्याला मोठी मदत करते. बैल "बुजतो" : अचानक काहीतरी दिसतं किंवा ऐकू येतं आणि तो अंग काढतो. याच शब्दातून शेतातलं बुजगावणं आलं, आणि लाजऱ्या पोराला आपण बुजरा म्हणतो. "बिचकणं" थोडं सौम्य. "धास्ती घेणं" मात्र वेगळं आहे. त्यात समोर काहीच नसतं. काहीतरी होणार आहे, या अपेक्षेनेच जीव खालीवर होतो.

बुजणं ही भीती, धास्ती ही चिंता. फटाका वाजल्यावर कुत्रा पलंगाखाली पळाला, ही भीती. आज फटाका नाही, पण संध्याकाळ झाली आणि तो धापा टाकत घरभर फिरायला लागला, ही चिंता. तुमच्या प्रस्तावात हे दोन्ही एकाच शब्दाखाली आले तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारेल.

डार्विनचं निरीक्षण आणि मॉर्गनचा लगाम

चार्ल्स डार्विनने 1872 मध्ये माणूस आणि प्राण्यांच्या भावनांच्या आविष्कारावर पुस्तक लिहिलं. चवताळलेला कुत्रा आणि लाडात आलेला कुत्रा यांची चित्रं त्यात शेजारी ठेवल्यासारखी आहेत : एकाचं अंग ताठ, शेपटी वर, केस उभे; दुसऱ्याचं अंग वाकलेलं, शेपटी खाली. डार्विनने "कुत्र्याला काय वाटतं" यावर अंदाज बांधण्याआधी "कुत्र्याचं शरीर काय करतं" हे टिपलं. पुढच्या सगळ्या अभ्यासाचा पाया हाच.

पण त्याच्या मागून आलेल्यांनी किस्से गोळा करायला सुरुवात केली. माझा कुत्रा एवढा हुशार, माझी मांजर तेवढी मायाळू. म्हणून 1894 मध्ये कॉनवी लॉईड मॉर्गन यांनी नियम मांडला : वर्तनाचं स्पष्टीकरण साध्या मानसिक प्रक्रियेने होत असेल तर उगाच वरच्या पायरीची प्रक्रिया गृहीत धरू नका. नियम चांगला होता. पण पुढच्या पिढ्यांनी तो इतका ताणला की "प्राण्याला चिंता वाटते" असं म्हणणंच अशास्त्रीय ठरलं. बेशिस्त किश्श्यांवरचा उपाय म्हणून विषयच बंद झाला.

मांजराचं पोट काय सांगतं

दार पुन्हा उघडलं ते शरीरशास्त्राने. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. लगेच पुढच्या वर्षापासून हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणारा वॉल्टर कॅनन मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न खाऊ घालून त्यांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांखाली पाहू लागला. त्याचा विषय होता पचन. पण त्याच्या लक्षात आलं की मांजर अस्वस्थ झालं की जठराची हालचाल थांबते, शांत झालं की परत सुरू होते. अडथळा म्हणून हा डेटा त्याने फेकून दिला असता तर? त्याने तो 1898 मध्ये छापला. पुढे 1911 मध्ये भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवलेल्या मांजरांच्या रक्तात अॅड्रेनल ग्रंथींचा स्राव वाढतो हे त्याच्या प्रयोगशाळेने दाखवलं, आणि 1915 च्या पुस्तकात हे सगळं एकत्र आलं.

घरात याचा अर्थ सरळ आहे. नव्या घरात आलेली मांजर दोन दिवस खात नसेल तर ती नखरे करत नसते. तिचं पोटच थांबलेलं असू शकतं. आणि ते आजारपणही असू शकतं. म्हणून वागणं अचानक बदललं की पहिली पायरी पशुवैद्य. दुखणं नाही हे कळल्यावरच चिंतेचा विचार करायचा.

वर्तुळ, लंबवर्तुळ आणि पूर

1914 च्या सुमारास पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत शेंगर-क्रेस्तोव्निकोवा या संशोधिकेने एका कुत्र्याला शिकवलं : वर्तुळ दिसलं की खाणं मिळतं, लंबवर्तुळ दिसलं की मिळत नाही. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखं करत नेलं. दोन अक्षांचं प्रमाण 9:8 पर्यंत आलं आणि कुत्र्याचं गणित कोलमडलं. तीन आठवड्यांत तो सुधारला नाही, उलट आधी येत होतं तेही विसरला. एरवी शांत असणारा तो कुत्रा कुंईकुंई करू लागला, अंग सोडवू लागला, उपकरणाच्या नळ्या चावू लागला.

त्याला कुणी मारलं नव्हतं. फक्त पुढे काय होणार याचा अंदाज बांधणं अशक्य करून टाकलं होतं. चिंतेचं मूळ वेदनेतच असतं असं नाही, अनिश्चिततेतही असतं, हे इथे पहिल्यांदा प्रयोगातून दिसलं.

सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. त्यांना पोहत बाहेर काढावं लागलं. पूर ओसरल्यावर काही कुत्र्यांचं आधीचं शिक्षण पुसल्यासारखं झालं होतं. अशाच एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडंसं पाणी सोडलं, तर तेवढ्यानेच त्याची अवस्था परत बिघडली. धसका घेणं म्हणजे काय, ते हे.

याचा घरगुती अवतार रोज दिसतो. तोच कुत्रा, तोच सोफा. एक दिवस वर बसला की लाड, दुसऱ्या दिवशी पाहुणे आहेत म्हणून चपराक. आपल्याला पाहुणे कळतात. त्याला 9:8 चं लंबवर्तुळ दिसत असतं.

उपाय मांजरांकडून आला

चिंता निर्माण करता येते हे कळलं. उतरवता येते का? 1940 च्या दशकाच्या अखेरीस जोहान्सबर्गमध्ये जोसेफ वोल्पे यांनी मांजरांना पिंजऱ्यात विजेचे झटके देऊन घाबरवलं. नंतर झटके बंद केले तरी भुकेली मांजर त्या पिंजऱ्यात खाईना. पिंजऱ्याच्या खोलीतही खाईना. मग वोल्पे यांनी त्या खोलीशी कमी कमी साम्य असलेल्या खोल्या निवडल्या. सगळ्यात वेगळ्या खोलीत मांजर खायला लागली की तिथून एक पायरी पुढे. असं करत करत ती शेवटी त्याच पिंजऱ्यात खाऊ लागली.

1958 मध्ये वोल्पे यांनी यावर उभी केलेली माणसांची उपचारपद्धती पुस्तकातून मांडली. आज उंचीची किंवा विमानाची भीती घालवायला मानसोपचारतज्ज्ञ जी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत वापरतात, तिच्या मुळाशी ही मांजरं आहेत. आणि तीच पद्धत कुत्र्यामांजरांकडे परत आली. फटाक्याला घाबरणाऱ्या कुत्र्याला फटाक्याचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात ऐकवायचं, इतकं हळू की तो खाणं सोडणार नाही. त्याच वेळी आवडीचा खाऊ द्यायचा. काही दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. खाणं थांबलं की आपण पायरी चुकलो, मागे यायचं. हे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात होत नाही, महिने लागतात. "सवय होईल" म्हणून त्याला थेट फटाक्यांच्या आवाजात बांधून ठेवणं म्हणजे या पद्धतीच्या बरोबर उलट.

कळ हातात असणं

1967 मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला झटका बसला की तो स्वतः थांबवता यायचा. दुसऱ्या गटाला तेवढाच झटका, पण थांबवणं त्यांच्या हातात नाही. तिसऱ्याला काहीच नाही. पुढच्या चाचणीत साध्या उडीने सुटका होऊ शकत असताना दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे उडी न मारता पडून राहिले. झटके दोन्ही गटांना सारखेच होते. फरक फक्त ताब्याचा होता.

हा प्रयोग रचना म्हणून नीट अभ्यासा, कारण कंट्रोल ग्रुप कशासाठी असतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं. आणि पुढचं वाचा. 2016 मध्ये याच दोघांनी पन्नास वर्षांचा आढावा घेताना स्वतःचा सिद्धांत उलटा केला : असहायता शिकली जात नाही, दीर्घ त्रासात गळून जाणं हीच मूळ प्रतिक्रिया असते, आणि शिकला जातो तो ताबा. निष्कर्ष बदलला, प्रयोग तसाच उभा राहिला. चांगल्या डेटाचं आयुष्य सिद्धांतापेक्षा मोठं असतं.

पण या प्रयोगांतल्या जनावरांनी काय सोसलं ते विसरू नका. आज भारतात प्राण्यांवरच्या प्रयोगांना 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची परवानगीची चौकट आहे आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. अर्ज भरताना ती कटकट वाटते. तो अर्ज का आहे, याचं उत्तर वरच्या दोन भागांत आहे.

ताब्याचा धडा त्रास न देताही तपासता येतो. 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात निवाऱ्यात नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी काहींना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोकेवाल्या मांजरांचा ताण लवकर उतरला. खोक्यात जायचं की बाहेर यायचं, हे मांजर ठरवते. पुठ्ठ्याचा एक खोका, खर्च शून्य. घाबरलेल्या जनावराला ओढून बाहेर काढू नका म्हणतात, ते याचसाठी.

अपराधी चेहरा

आता परत बंजारा कथेकडे येऊ. छत्तीसगडमध्ये बालोद जिल्ह्यातल्या खपरी इथे कुकुरदेव मंदिर आहे. तिथे सांगतात ती कथा अशी : अडचणीतल्या बंजाऱ्याने आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली, कुत्र्याने माल शोधून दिला. खूश होऊन सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्याला घरी पाठवलं. परत आलेला कुत्रा बघून मालकाला वाटलं, हा पळून आला, आपला शब्द मोडला. त्याने रागाने त्याला मारून टाकलं. चिठ्ठी नंतर दिसली.

कथा खरी की खोटी हा इथे प्रश्न नाही. मालक वागणं बघतो, त्याला "अपराध" हे नाव देतो, आणि पुरावा गळ्यात असून वाचत नाही.

2009 मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 14 कुत्र्यांवर हेच तपासलं. मालक कुत्र्याला खाऊला हात लावू नको सांगून बाहेर जायचा. कधी कुत्र्याने खरंच खाल्लेलं असायचं, कधी नाही, पण मालकाला काय सांगायचं हे संशोधिका ठरवायची. कान मागे, नजर चुकवणं, अंग चोरणं हा "अपराधी चेहरा" कुत्र्याने खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा, निर्दोष कुत्र्यांच्या चेहऱ्यावरही. म्हणजे "बघा, त्याला कळतंय काय केलं ते" असं आपण म्हणतो, तेव्हा तो बहुधा फक्त आपल्याला घाबरलेला असतो.

एकटं ठेवल्यावर दार ओरबाडणारा, घरात लघवी करणारा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा रडणारा कुत्रा "सूड घेतो" असं लोक म्हणतात. पशुवैद्यकशास्त्र त्याला विरहाची चिंता म्हणतं. तिच्यासाठी 1998 मध्ये क्लोमिप्रामिन आणि 2007 मध्ये फ्लुओक्सेटिन ही औषधं अमेरिकेत कुत्र्यांसाठी मंजूर झाली, दोन्ही वर्तन-प्रशिक्षणाच्या जोडीने वापरायची या अटीवर. औषध पशुवैद्यच ठरवेल. माणसाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका.

आकडे वाचताना

फिनलंडमध्ये 2020 साली सुमारे 13,700 कुत्र्यांवरचा अभ्यास आला. चिंतेशी जोडलेल्या सात प्रकारच्या वर्तनांपैकी किमान एक 72.5 टक्के कुत्र्यांत आढळलं. आवाजाची भीती सर्वांत जास्त, 32 टक्के. सॅम्पल प्रचंड आहे, पण उत्तरं मालकांनी भरलेली आहेत. होरोविट्झ यांचं सॅम्पल 14 चं, पण मालकाचं मत आणि कुत्र्याचं वागणं वेगळं काढलेलं. "मोठं सॅम्पल म्हणजे चांगलं संशोधन" असं कुणी म्हणालं तर हे दोन पेपर शेजारी ठेवा.

वर्तनाची नोंद न्यायालयातही पोचते. 7 मे 2014 च्या जल्लिकट्टू निकालात, ज्यात महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही होत्या, सर्वोच्च न्यायालयाने बैलाची पळून जायची प्रतिक्रिया भीतीतून येते हे नोंदवलं आणि भय व त्रासापासून मुक्तीसह पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. नंतर राज्यांनी कायदे बदलले आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने ते वैध ठरवले. निकालावर मतं वेगळी असतील. पण "बैल पळतोय" या दृश्याला आनंद म्हणायचं की भीती, हा प्रश्न शेवटी नावाचाच होता.

तुम्ही हे करणार असाल तर

समजा पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीचा आणि आवाजाचा तिथल्या घरांतल्या कुत्र्यांवर काय परिणाम होतो, हा तुमचा लघुप्रबंध आहे. झटके नकोत, पिंजरे नकोत. यात्रा होणारच आहे, तुम्ही फक्त बघायचं.

यात्रेआधी पंधरा दिवस, यात्रेत, आणि नंतर पंधरा दिवस, त्याच वेळी त्याच कुत्र्यांचं चित्रीकरण करा. आधीची नोंद नसेल तर नंतरची निरुपयोगी आहे. "घाबरला" असं लिहू नका. शेपटी पायात, कान मागे, उष्मा नसताना धाप, ओठ चाटणं, जांभई, एक पाय उचलून धरणं, खाणं सोडणं, लपणं असं लिहा, आणि किती वेळ ते सेकंदात. कुठलंही एक लक्षण पुरेसं नसतं. जांभई झोपेचीही असते. नोंदी करणाऱ्या दोघांना व्हिडिओ आवाज बंद करून द्या, म्हणजे तो यात्रेतला आहे की आधीचा हे त्यांना निदान कानाने कळणार नाही. दोघांच्या नोंदी किती जुळतात ते काढा. मालकाची प्रश्नावलीही घ्या, पण वेगळ्या रकान्यात ठेवा. मालकाचं मत आणि व्हिडिओ जिथे जुळणार नाहीत, तिथे तुमचा सगळ्यात चांगला निष्कर्ष लपलेला असण्याची शक्यता आहे.

आणि एखादा कुत्रा अभ्यासाच्या मधेच कोपऱ्यात जाऊन बसला, बाहेर यायला तयार नसला, तर कॅमेरा बंद करा आणि त्या दिवशी तिथेच थांबा. नोंदवहीत "डेटा नाही" असं लिहू नका. "कुत्रा बसला, निरीक्षण थांबवलं" असं वेळेसह लिहा. तोही डेटाच आहे.

पुढच्या लेखात वर्तनाची यादी, म्हणजे एथोग्राम, कोऱ्या कागदापासून कसा तयार करायचा ते पाहू. तोवर घरातल्या किंवा गल्लीतल्या एका जनावराकडे रोज दहा मिनिटं बघा. फक्त क्रियापदं लिहा, विशेषणं नको.